लाकडी घर : भोर-वेल्ह्याचा जुना हुन्नर, नव्या काळाचा धंदा

घर बांधायचे म्हटले की आज प्रत्येकाच्या तोंडी सिमेंट, सळई आणि वाळू हेच तीन शब्द येतात. लाकूड राहिले ते फक्त दाराच्या चौकटीपुरते, आणि आता चौकटही लोखंडाची किंवा दगडाची होऊ लागली आहे. ज्या समाजाच्या शेकडो घरांची चूल सुतारकाम, पॉलिश, लाकडाची वखार आणि जुन्या सामानाच्या खरेदी-विक्रीवर पेटत आली, त्या समाजाने या बदलाकडे केवळ हळहळत पाहू नये. जगाच्या बाजारात लाकूड पुन्हा मानाने परत येत आहे. आपल्याकडेही ते येईल. प्रश्न एवढाच आहे की ते येईल तेव्हा काम आपल्या कारागिराच्या हातात असेल, की बाहेरच्या कारखान्यातून तयार घर ट्रकवर येईल आणि आपला मिस्त्री ते उतरवून घेण्याच्या हमालीवर राहील?

आमचा धंदा कापडाचा. परंतु भोर, नसरापूर, वेल्हे या भागातील दुकानदारांशी उधारी-वसुलीच्या निमित्ताने संबंध येतो आणि तेथील घरांचे, बाजाराचे बदल डोळ्यांसमोर घडतात. पुण्याहून लोक या भागात शेतघरे बांधू लागले आहेत. वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्यास राज्य मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये मान्यता दिली. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याचा जो समूह युनेस्कोने जागतिक वारसा यादीत घेतला, त्यातील १२ किल्ल्यांत राजगड आहे. याचा अर्थ या डोंगरात पाहुणा वाढणार, राहण्याची सोय वाढणार आणि बांधकाम वाढणार. म्हणूनच या पानावर लाकडी घराचा विषय घेतला आहे.

जुन्या वाड्याचे गणित

भोर ही पंत सचिवांच्या संस्थानाची राजधानी होती. नीरा नदीच्या काठी १८६९ मध्ये बांधलेला तेथील राजवाडा आजही उभा आहे. चित्रपटवाले तेथे चित्रीकरणाला येतात म्हणून तो पुष्कळांनी पडद्यावर पाहिला असेल. आपल्या कारागिरांनी मात्र तो खांब मोजण्यासाठी एकदा पाहावा. चौक, चौकाभोवती खांबांच्या रांगा, खांबावर तुळया, तुळयांवर कडीपाट, असा तो सारा हिशेब आहे. मुख्य भार लाकडाच्या सांगाड्यावर येतो, आणि दोन खांबांमधली भिंत ऊन, वारा व चोर अडवण्यासाठी असते.

या सांगाड्याचे माप म्हणजे ‘खण’. दोन खांबांमधले अंतर तो एक खण. घर किती मोठे, तर तीन खणांचे, पाच खणांचे. आम्हा कापडवाल्यांना हा शब्द चोळीच्या खणामुळे पाठ आहे. तेथेही तेच तत्त्व आहे. माप एकदा ठरले की गिऱ्हाईक, विणकर आणि दुकानदार तिघांचा हिशेब एका शब्दात होतो. वाड्याच्या मिस्त्रीचेही तसेच होते. खण ठरला की तुळईची लांबी ठरली, वाशांची संख्या ठरली, कौले किती लागणार तेही ठरले.

लाकूड येई जवळच्या जंगलातून. पुण्याचा शनिवारवाडा १७३२ मध्ये पुरा झाला. त्याचा साग जुन्नरच्या जंगलातला, दगड चिंचवडचा आणि चुना जेजुरीचा होता, हे सर्वश्रुत आहे. भोर-वेल्ह्याच्या डोंगरातील साध्या घराला साग परवडत नसे. तेथे ऐन, जांभूळ, किंजळ यांचे खांब-वासे असत आणि कारवीच्या काठ्या विणून त्यावर माती-शेण लिंपलेला कुड म्हणजे भिंत. खांब जमिनीत न पुरता दगडी तळखड्यावर उभा करायचा, हा नियम चांगल्या घरात पाळला जाई. त्यामुळे ओल वर चढत नाही आणि वाळवीला लपून यायला वाट मिळत नाही.

लाकूड आणि आपली परंपरा

लाकडी बांधकाम म्हणजे गरिबाची झोपडी, असा एक गैरसमज आहे. मदीनेतील प्रेषित (स.) यांच्या मशिदीचे पहिले खांब खजुराच्या बुंध्यांचे होते आणि छत खजुराच्या झावळ्यांचे. पुढे हजरत उस्मान (रजि.) यांच्या खिलाफतीत मशीद वाढवली गेली तेव्हा भिंती व खांब कोरीव दगडाचे झाले आणि छत ‘साज’ लाकडाचे, अशी नोंद सहीह बुखारीत आहे. अरबीतला साज म्हणजे आपला साग. हजरत जकरिया (अलै.) सुतार होते, हेही हदीसमधून आपल्याला माहीत आहे. तेव्हा रंधा धरणाऱ्या हाताला कोणी कमी लेखत असेल तर ते त्याचे अज्ञान आहे.

तुर्कस्तानातील मध्ययुगीन काळातल्या, लाकडी खांबांवर उभ्या असलेल्या पाच मशिदी २०२३ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेल्या. त्यांतील बेशेहिरची एशरेफोग्लू मशीद तेराव्या शतकाच्या अखेरची आहे, म्हणजे सव्वासातशे वर्षे झाली. श्रीनगरची खानकाह-ए-मौला लाकडाचीच. लाकूड टिकत नाही असे म्हणणाऱ्याने हा हिशेब ध्यानात घ्यावा. नीट बसवलेले आणि पाण्यापासून राखलेले लाकूड टिकते. जे भिजते, वाळते आणि पुन्हा भिजते, तेच कुजते.

नव्या तऱ्हेचे लाकडी घर

युरोपात गेल्या शतकात लाकडाच्या धंद्याचे रूप बदलले. पातळ फळ्या एकावर एक चिकटवून हवी तितकी लांब तुळई करण्याचे पेटंट जर्मनीत १९०६ मध्ये घेतले गेले. १९९० च्या दशकात ऑस्ट्रिया-जर्मनीत फळ्यांचे थर एकमेकांना आडवे-उभे चिकटवून भिंतीएवढे पाट तयार होऊ लागले. आम्हाला यात ताणा-बाणा दिसतो. कापड दोन्ही दिशांनी सूत असल्यामुळे जसे मजबूत होते, तसेच हे लाकूड. नॉर्वेत २०१९ मध्ये १८ मजल्यांची, सुमारे ८५ मीटर उंच लाकडी इमारत उभी राहिली. अमेरिकेतील मिलवॉकी शहरात २०२२ मध्ये २५ मजली इमारत झाली, तिचे वरचे मजले लाकडाचे आहेत.

हे सर्व दूरचे झाले. आपल्या महाराष्ट्रातील उदाहरण पाहा. रायगड जिल्ह्यात मुरूडच्या अलीकडे समुद्रकिनाऱ्यावर नांदगाव आहे. तेथे नारळाच्या बागेत २००७ मध्ये ‘पामायरा हाऊस’ नावाचे एक कौटुंबिक सुट्टीचे घर पूर्ण झाले. वास्तुविशारद बिजॉय जैन आणि त्यांची ‘स्टुडिओ मुंबई’ ही संस्था यांचे हे काम. दोन लांबट लाकडी इमारती समोरासमोर आहेत. सांगाडा ऐनाच्या लाकडाचा आहे, म्हणजे आपल्या भोर-वेल्ह्याच्या डोंगरात उगवणाऱ्या त्याच ऐनाचा. बाहेरच्या बाजूला ताडाच्या बुंध्याच्या बाहेरील कठीण भागापासून काढलेल्या पट्ट्यांच्या झिलमिल्या आहेत. त्यांतून वारा आत येतो आणि ऊन बाहेर राहते. जोड जुन्या सुतारी पद्धतीचे, एकमेकांत अडकणारे आहेत. २०१० च्या आगा खान वास्तुकला पुरस्काराच्या अंतिम यादीत या घराची निवड झाली होती.

आमच्या दृष्टीने यातली सर्वांत मोलाची गोष्ट निराळीच आहे. या संस्थेत सुतार हे आराखडा तयार झाल्यावर बोलावलेले मजूर नसतात. ते कार्यशाळेत बसून नमुने करतात, जोड आधी करून पाहतात आणि मग आराखडा पक्का होतो. २०१० मध्ये व्हेनिसच्या जागतिक वास्तुकला प्रदर्शनात ही कार्यशाळा, तिचे नमुने व साहित्यच मांडले गेले. मिस्त्रीचा हुन्नर जगाने पैसे देऊन पाहिला, हे आपण विसरू नये.

भोर-वेल्ह्यात घर कसे असावे

भोरच्या पूर्वेला महामार्गाकडे पाऊस कमी, आणि पश्चिमेला वरंध घाटाकडे किंवा वेल्ह्याच्या घाटमाथ्याकडे जावे तसा तो वाढत जातो. त्यामुळे एकच नकाशा दोन्हीकडे चालणार नाही. तरी काही गोष्टी सर्वत्र लागू आहेत.

पहिली गोष्ट जोते. लाकूड जमिनीपासून निदान दोन-अडीच फूट वर असावे. जोते दगडाचे किंवा काँक्रीटचे करावे, त्यात कमीपणा नाही. खांब तळखड्यावर किंवा लोखंडी बुटात बसवावा आणि बुटाखाली पाणी साचू नये एवढी फट ठेवावी.

दुसरी गोष्ट छप्पर. उतार ३० अंशांच्या आसपास असावा आणि पाखा भिंतीच्या बाहेर तीन फूट तरी यावा. पावसाळ्यात वारा नैऋत्य-पश्चिमेचा असतो. त्या बाजूला मोठी खिडकी ठेवू नये. त्या अंगाला पडवी, न्हाणीघर, सरपणाची किंवा सामानाची खोली घ्यावी. जुने लोक पावसाच्या बाजूने पेंढ्याचे, बांबूचे तट्टे लावत. आज सुटे करता येतील असे पत्र्याचे किंवा फळ्यांचे पल्ले लावता येतात. पावसाळा संपला की काढून ठेवावेत.

तिसरी गोष्ट हवा. लाकडाभोवती हवा खेळली की ते वाळते. भिंतीच्या बाहेरची फळी सांगाड्याला चिकटवून न ठोकता मध्ये पट्टी घालून एक-दीड इंच पोकळी ठेवावी. फळीमागे गेलेले पाणी खाली उतरून जाते.

चौथी गोष्ट कुटुंबाची राहणी. आपल्या घरात पाहुण्यांची बैठक आणि आतला जनाना भाग निराळा लागतो. जुन्या वाड्याचा सोपा आणि माजघर ही मांडणी त्याला जशीच्या तशी जुळते. पुढची पडवी व बैठक, मध्ये लहान चौक, मागे स्वयंपाकघर व खोल्या. झिलमिलीची खिडकी परदाही राखते आणि वाराही देते. न्हाणीघर, संडास आणि वजूची जागा मात्र लाकडाची नको. तो भाग विटांचा किंवा दगडाचा करून सांगाड्याला लागून स्वतंत्र उभा करावा. घरात पाणी जेथे रोज पडते, तेथूनच लाकडाचा नाश सुरू होतो.

लाकडाचा हिशेब

तीन खण बाय तीन खण, प्रत्येक खण १० फुटांचा, असे ३० बाय ३० फुटांचे म्हणजे ९०० चौरस फुटांचे घर धरू. खांब १६ लागतील. सहा इंच चौरस आणि १० फूट उंच खांबात अडीच घनफूट लाकूड असते, म्हणजे १६ खांबांचे ४० घनफूट झाले. दोन्ही दिशांच्या मिळून तुळया २४. चार बाय आठ इंचाची १० फुटी तुळई सव्वादोन घनफुटांना थोडी कमी भरते, म्हणून २४ तुळयांचे सुमारे ५३ घनफूट. दोन-दोन फुटांवर वासे धरले तर दोन्ही पाख्यांचे ३४ वासे. पाख्यासकट प्रत्येक वासा, जोड देऊन, साधारण २१ फुटांचा. तीन बाय चार इंचाच्या मापाने त्यांचे ६० घनफूट होतात. एकूण १५३ घनफूट. आढे, कैच्या, रिपा, भिंतीच्या फळ्या, दारे-खिडक्या वेगळ्या, आणि कापताना वाया जाणारा भाग वेगळा. ही मापे हिशेबाच्या सोयीसाठी दिली आहेत. प्रत्यक्ष जाडी लाकडाची जात आणि भार पाहून अभियंत्यानेच ठरवावी. त्यासाठी भारतीय मानक ८८३ आहे, आणि राष्ट्रीय बांधकाम संहितेतही लाकडाचा स्वतंत्र भाग आहे.

गोल लाकूड घेताना माप समजून घ्यावे. वखारीत घेराचा चौथा भाग घेऊन त्याचा वर्ग करतात आणि लांबीने गुणतात. ४ फूट घेराचा आणि १० फूट लांबीचा ओंडका या रीतीने १० घनफूट भरतो. प्रत्यक्षात त्यात पावणेतेरा घनफुटांच्या जवळ लाकूड असते. ही रीत लबाडीची नाही. चौरस कापताना जो भाग जातो त्याची सूट तिच्यात गृहीत धरलेली आहे. परंतु एकाच सौद्यात खरेदी एका रीतीने आणि विक्री दुसऱ्या रीतीने करणे, आणि गिऱ्हाइकाला ते न सांगणे, ही लबाडी आहे. सूरह मुतफ्फिफीनमध्ये माप मारणाऱ्यांना दिलेला इशारा तराजूइतकाच फूटपट्टीलाही लागू आहे.

मापाइतकीच महत्त्वाची आहे ओल. कच्चे कापड पहिल्या धुण्यात आटते, हे गिऱ्हाइकाला आधी सांगणारा दुकानदार दहा वर्षांनीही दुकान चालवताना दिसतो. लाकूडही आटते. लांबीत जवळजवळ नाही, पण रुंदीत आटते, आणि वर्तुळाच्या दिशेने ते त्रिज्येच्या दिशेपेक्षा साधारण दुप्पट आटते. म्हणूनच फळी वाकते. सागासारखे शांत लाकूडसुद्धा ओल्यापासून पुरते वाळेपर्यंत रुंदीत शेकडा चार-पाच कमी होऊ शकते. दहा इंची फळीत ती फट अर्ध्या इंचाच्या जवळ जाते. ऐन तर सागापेक्षा जड आणि वाळताना चिरणारा, त्याला सावलीत सावकाश वाळवावे लागते.

ओल मोजणे अवघड नाही. लाकडाचा तुकडा तोला. समजा ५६० ग्रॅम भरला. तो भट्टीत पूर्ण वाळवून पुन्हा तोला. ५०० ग्रॅम भरला तर गेलेले पाणी ६० ग्रॅम, म्हणजे कोरड्या वजनाच्या १२ टक्के. आपल्या हवेत घराच्या कामाला लाकूड या आकड्याच्या आसपास असावे. दोन सुया टोचून ओल दाखवणारे छोटे यंत्रही बाजारात मिळते. प्रत्येक मिस्त्रीच्या पेटीत ते असायला हवे.

आमच्या माहितीतील एक प्रसंग सांगतो, नावे घेत नाही. एका भावाने घरासाठी दारे-खिडक्या व माळ्याचे लाकूड घेतले. विकणाऱ्याने वाळलेले म्हणून दिले, ते ओले होते. उन्हाळ्यात सांधे उघडले, पावसाळ्यात दारे फुगून लागेनात. मिस्त्रीने दोष वखारीला दिला, वखारवाल्याने मिस्त्रीला. तिघेही एकाच मशिदीत नमाज पढणारे. पैशाचे नुकसान काही हजारांचे असेल, पण तिघांचा एकमेकांना सलाम बंद झाला. एका सुईच्या यंत्राने आणि चार ओळींच्या कागदाने हे टळले असते.

आग, वाळवी, भूकंप

लाकडी घर म्हटले की आगीची भीती पुढे येते. ती खोटी नाही. १८२८ मध्ये शनिवारवाडा आगीत गेला, तो कित्येक दिवस जळत होता. पण जाड लाकूड आणि पातळ लाकूड यांत फरक आहे. जाड तुळईचा बाहेरचा भाग जळून कोळसा होतो आणि तोच आतल्या भागाला काही काळ राखतो. सर्वसाधारण मान मिनिटाला पाऊण मिलिमीटरच्या आसपास धरतात, म्हणजे अर्ध्या तासात वीस-बावीस मिलिमीटर. अभियंता तेवढी जाडी आधीच वाढवून घेतो, म्हणजे माणसांना बाहेर पडायला वेळ मिळतो. खरा धोका उघड्या विजेच्या तारा, सैल जोड आणि स्वयंपाकाचा गॅस यांचा असतो. तारा नळीतूनच न्याव्यात, चुलीमागची भिंत विटांची करावी.

वाळवीसाठी पहिला उपाय जोते आणि तळखडा, औषध त्यानंतर. लाकूड राखण्याच्या औषधांसाठी भारतीय मानक ४०१ आहे आणि वाळवण्यासाठी ११४१. दाबाने औषध भरलेले लाकूड वरवर ब्रशने मारलेल्यापेक्षा कितीतरी अधिक टिकते. बांबूला बोरॅक्स-बोरिक ॲसिडचे पाणी पाजतात.

भूकंपात लाकडी सांगाड्याचा गुण दिसतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात माणसे मेली ती मुख्यतः जाड दगड-मातीच्या भिंती आणि माळवदाच्या मातीच्या ओझ्याखाली. कित्येक ठिकाणी भिंती ढासळल्या तरी आतला खणाचा सांगाडा उभा राहिलेला दिसला. काश्मीरमध्ये लाकडी चौकटीत विटा-दगड भरण्याची ‘धज्जी दीवारी’ पद्धत आहे. ८ ऑक्टोबर २००५ च्या भूकंपात ती चांगली टिकली. धज्जी म्हणजे चिंधी, कापडाचा तुकडा. ठिगळांच्या गोधडीसारखी दिसणारी भिंत घर वाचवते.

कायद्याची बाजू

आपल्या शेतातले झाड आपले असले तरी ते मनाला येईल तेव्हा तोडता येत नाही. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम १९६४ अन्वये साग, ऐन, हिरडा, आंबा, फणस, जांभूळ अशा झाडांना परवानगी लागते. वाहतुकीचा पासही लागतो. सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ च्या गोदावर्मन प्रकरणातील आदेशाने देशभरातील जंगलतोडीला व विनापरवाना आरागिरण्यांना लगाम घातला. कागद नसलेले लाकूड स्वस्त मिळते म्हणून घेणारा व्यापारी हलाल धंद्याची बरकत गमावतोच, शिवाय माल, वाहन आणि अब्रू तिन्ही एका दिवसात गमावू शकतो.

मग माल आणायचा कोठून? एक, जुन्या वाड्यांचे सागवान. ते शंभर वर्षे वाळलेले असते. पाडलेल्या वाड्याची खांब-तुळई अनेकदा कापून सरपणाच्या किंवा भंगाराच्या भावाने जाते, हे डोळ्यांनी पाहवत नाही. खरेदीची पावती आणि वाडा पाडल्याचा कागद घेऊन ते उघड व्यापारात आणता येते. दोन, परवानगीने तोडलेले शेतातले झाड आणि वनविभागाच्या लिलावातला माल. तीन, परदेशी लाकूड. म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून गोल लाकडाची निर्यात बंद केल्यावर बाजारात इतर देशांचा साग आणि पाइन वाढला. चार, बांबू. २०१७ च्या कायदा-दुरुस्तीने बांबू ‘वृक्ष’ या व्याख्येतून निघाला. भोर-वेल्ह्याच्या शेतकऱ्याला बांधावर लावता येण्याजोगा हा माल आहे.

सरकारची नजरही बदलत आहे. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याने १९९३ मध्ये आपल्या इमारतींत लाकडावर बंदी घातली होती, ती २०२० मध्ये उठवली. कारण असे की लागवडीचे झाड तोडून पुन्हा लावता येते, आणि कोरड्या लाकडाच्या वजनाचा जवळपास निम्मा भाग कार्बन असतो, तो घरात बंदिस्त राहतो. मात्र एक इशारा. १९९० च्या दशकात सागवान लागवडीच्या नावाने भरमसाट नफ्याची आमिषे दाखवून लोकांचे पैसे गोळा केले गेले आणि बुडाले. झाड आपल्या वेगाने वाढते, जाहिरातीच्या वेगाने नव्हे. अशा योजनांपासून दूर राहावे.

जागा घेतानाही सावध असावे. शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते. गाव पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणात येते काय, धरणाच्या संपादनात आहे काय, आणि ३१ जुलै २०२४ च्या पश्चिम घाट पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राच्या मसुद्यात आहे काय, हे तपासूनच इसार द्यावा. घर लाकडाचे असेल तर विमा आणि कर्ज देणाऱ्यांना नकाशासकट आधीच विचारावे.

सौदा कसा करावा

ऑर्डर देऊन वस्तू बनवून घेण्याच्या कराराला फिकहमध्ये ‘इस्तिस्ना’ म्हणतात. हनफी फिकहमध्ये त्याला मान्यता आहे. लाकडी घरासाठी तो फार सोयीचा आहे. माल कारागिराचा, वर्णन पूर्ण, किंमत ठरलेली. पैसे आगाऊ, हप्त्याने किंवा काम झाल्यावर, जसे ठरेल तसे. व्याजाचा प्रश्न येत नाही. अट एकच, वर्णनात संदिग्धता नको. लाकडाची जात, उगम, जाडी, ओलीची टक्केवारी, जोडाचा प्रकार, औषध कोणते, कौल कोणते, काम कधी पुरे, हे सर्व लिहून दोघांनी सह्या कराव्यात. तपशिलाच्या मसल्यासाठी आपल्या भागातील आलिमांना विचारावे.

कारागिरांना चार शब्द

एका लाकडाला कुसू काढून दुसऱ्याच्या भोकात केसाची फट न ठेवता बसवणारा हात आज साठीत आहे. त्याचा मुलगा टेम्पो चालवतो किंवा प्लायवूडला सनमायका चिकटवतो. त्यात गैर काही नाही. पण वडिलांचा हात जाण्याआधी ते जोड शिकून घेतले नाहीत, तर ते कोणत्याच पुस्तकातून परत येणार नाहीत. मागणी येईल तेव्हा यंत्रावर कापलेला सांगाडा बाहेरगावाहून येईल.

म्हणून आमची सूचना अशी. भोर, नसरापूर, वेल्हे या पट्ट्यातील चार-पाच मिस्त्रींनी, एका वखारवाल्याने आणि एका लोहाराने मिळून शिरकतीत काम सुरू करावे. नवी आरागिरणी टाकण्याच्या फंदात पडू नये, त्याला वनखात्याचा परवाना लागतो. लाकूड परवानाधारक गिरणीतून कापून घ्यावे आणि आपण वाळवणे, जोडणे, उभे करणे या कामांत नाव कमवावे. पहिले काम मोठ्या घराचे नको. एक खण बाय दोन खणांची पाहुण्यांची खोली, किंवा एखाद्या मदरशाची पडवी करून दाखवावी. बोल्ट-पट्ट्या लोहाराच्या, पॉलिश आपल्याच पोरांचे, पडदे-गाद्या कापडवाल्याच्या. एका घरामागे दहा घरांची रोजी निघते. तरुण मुलाला अभियंत्याकडे नकाशा वाचायला बसवावे. जुना हात आणि नवा नकाशा एकत्र आले तरच हा धंदा उभा राहील.

कोणी म्हणेल, लाकडी घर महाग पडते. काही बाबतींत पडेलही. आम्ही प्रत्येकाने सिमेंट सोडावे असे म्हणत नाही. जोते, न्हाणीघर, संडास त्याचेच असावेत. पण जो गिऱ्हाईक पुण्याहून डोंगरात घर शोधत येतो, तो शहरातला तोच काँक्रीटचा डबा पाहायला येत नाही. त्याला जे हवे आहे ते आपल्या मिस्त्रीच्या हातात अजून आहे. ते हात थकण्याआधी त्यांना काम द्या, त्यांच्याशेजारी आपली मुले बसवा, माप पुरे द्या आणि लाकूड कोरडे द्या. मेहनत आपली, बरकत देणारा अल्लाह.